फटीत गेलेल्या नाण्याचे गणित

(खास प्रतिनिधी)

'स्लॉट' म्हणजे फट किंवा खाच. मोबाइलमधील सिमकार्डाची जागा, दूरचित्रवाणीवरील ठरावीक वेळ अशा अर्थांनी हा शब्द मराठीत रुळला आहे. जुगाराच्या यंत्राला हे नाव मिळाले ते नाणे टाकण्याच्या फटीमुळे.

गोव्यात १९७६च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत या यंत्रांना वाट मोकळी झाली. टेबलावरच्या खेळांना मात्र १९९६च्या दुरुस्तीने जहाजांपुरतीच मुभा मिळाली. यंत्र सौम्य आणि टेबल घातक, असा समज या फरकातून डोकावतो. यंत्राची रचना पाहता तो टिकणारा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे यांनी बनविलेल्या 'लिबर्टी बेल'मध्ये तीन चाके आणि एक दांडा होता. आजच्या यंत्रात चाके देखाव्यापुरती उरली आहेत. आतील चिप अखंड संख्या निर्माण करीत असते. बटण दाबल्या क्षणीची संख्या निकाल ठरवते; चाके त्यानंतर थांबतात. इंगे टेलनेस यांना १९८४ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटच्या तंत्राने तर दिसणारी चाके तीच ठेवून मोठ्या बक्षिसाची शक्यता हवी तितकी कमी करता येऊ लागली. मागचा डाव यंत्राच्या स्मरणात नसतो. त्यामुळे 'इतक्यांदा हरलो, आता लागणारच' या आशेला आधार नाही.

खरी गफलत होते ती परताव्याच्या आकड्यात. परतावा ९० टक्के असला, तरी १०० रुपये घेऊन आलेला ९० रुपये घेऊन परततो, असे नव्हे. ही टक्केवारी लावलेल्या प्रत्येक रकमेला लागू होते. मिळालेले पुन्हा लावत गेल्यास १०० रुपयांचे सरासरीने ९०, मग ८१ आणि दहाव्या फेरीअखेर जेमतेम ३५ उरतात. एक डाव काही सेकंदांतच आटोपतो. यंत्राचा घातकपणा या वेगात आहे.

गोव्याने फेब्रुवारी २०२०पासून आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. महाराष्ट्राने कधीही अमलात न आलेला १९७६चा कॅसिनो कायदा २०२३ साली रद्द केला. धोका दोन्ही राज्यांनी ओळखला आहे. मात्र मुंबई-पुण्याहून गोव्यात जाणाऱ्या पर्यटकाला हे संरक्षण नाही. निदान परताव्याचा आकडा आणि त्याचा खरा अर्थ यंत्रावरच ठळकपणे लिहिलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.