पहिली भेट, जरा मोकळी

पहिल्या भेटीसाठी शनिवारची संध्याकाळ आणि फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ ठरवणाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे : वार तरी बदला. आधी टेबलासाठी ताटकळायचं, मग रांगेतल्यांच्या नजरा आपल्या डोशावर; अशात मोकळं बोलणार कोण? त्यापेक्षा मंगळवारी दुपारी चारचा चहा बरा. भेट तासाभराचीच ठरवावी. जमलं तर चालत संभाजी उद्यानापर्यंत जाता येतं, नाही जमलं तर कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातले शिक्षण, पगार, स्वयंपाक हे प्रश्न आता कॅफेतही येऊन बसलेत, याचं वाईट वाटतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पीड डेटिंगमधली संभाषणंही तपासली होती. समोरच्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी अधिक होकार मिळाले. ती म्हणाली, ‘मी रविवारी सिंहगड चढते,’ तर लगेच आपल्या ट्रेकची यादी सुरू करू नका. कुणाबरोबर जातेस, वर पोचल्यावर आधी पिठलं-भाकरी की मडक्यातलं दही, हे विचारा.

आणि मुलग्यांनो, किती वाजता, कशाने परतायचं हे तिला ठरवू द्या. घरापर्यंत सोडायचा आग्रह नको. पहिल्याच दिवशी पत्ता सांगावासा न वाटण्यात गैर काहीच नाही. बिल अर्धं-अर्धं करू म्हणाली, तर वाद न घालता करा. पुन्हा भेटायचं नसेल, तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींत तसं नीट कळवा. गप्प राहून कुणाला वाट पाहायला लावू नका.