काँगोचा हिशेब

बेल्जियन दिग्दर्शक योहान ग्रिमोनप्रे यांचा ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ (२०२४) हा अडीच तासांचा अनुबोधपट नुकताच पाहण्यात आला. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा अडीच महिन्यांत सत्तेवरून दूर केले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. हा इतिहास येथे जाझ संगीताच्या साथीने उलगडतो. अमेरिकेचे सांस्कृतिक दूत म्हणून लुई आर्मस्ट्राँग ऑक्टोबर १९६० मध्ये लिओपोल्डव्हिलला आले, तेव्हा लुमुंबा त्याच शहरात नजरकैदेत होते. उलट, फेब्रुवारी १९६१ मध्ये अ‍ॅबी लिंकन आणि मॅक्स रोच या कलावंतांनी सुरक्षा परिषदेच्या सभागृहात शिरून हत्येचा निषेध केला. एकच कला सत्तेचा पडदाही होते आणि विवेकाचा आवाजही, हे दिग्दर्शकाने समर्थपणे दाखविले आहे.

तथापि, कटकारस्थानाच्या कथेत एक धोका असतो. हेर आणि मारेकरी दिसले की गुन्हा तेवढ्यापुरताच होता, असे वाटू लागते. वस्तुतः प्रश्न मालकीचा होता. स्वातंत्र्यानंतर अकराव्या दिवशी कटांगा प्रांत फुटून निघाला, कारण तांबे आणि कोबाल्ट तेथे होते. युनियन मिनिएर कंपनीने आपला कर केंद्र सरकारऐवजी त्या फुटीर राजवटीच्या तिजोरीत भरला. ज्याच्या हाती महसूल नाही, त्या पंतप्रधानाचे सार्वभौमत्व कागदावरच राहणार!

पण आपण समाजवाद्यांनीही येथे अंतर्मुख झाले पाहिजे. १९६७ च्या आरंभी मोबुटूने याच खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. खाणी राष्ट्राच्या झाल्या, परंतु त्यांचे उत्पन्न हुकूमशहा आणि त्याच्या गोतावळ्याने लुटले. लोकशाहीवाचून झालेले राष्ट्रीयीकरण हे केवळ मालकाचे नाव बदलणे असते.

दिग्दर्शक मध्येच मोबाइल फोन आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या जाहिराती दाखवितो. काहींना हा विक्षेप वाटेल. मला तो चित्रपटाचा गाभा वाटला. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक आज काँगोतून येते. तेथील मोठ्या खाणींवर आता चिनी कंपन्यांचे वर्चस्व असून शुद्धीकरणही बहुतांशी चीनमध्येच होते. धनी बदलला, कच्चा माल खोदून बाहेर पाठविण्याची रीत मात्र तीच राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगो सरकारने कोबाल्टची निर्यात स्थगित केली आणि ऑक्टोबरपासून तिच्यावर कोटा घातला. आपला माल किती आणि कोणत्या भावाने जावा, हे ठरविण्याचा हक्क बजावण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे. मात्र वाढीव उत्पन्न खाणकामगाराच्या घरी पोचते की नाही, यावरच त्याची परीक्षा होईल.

आपणही या इतिहासाचे केवळ प्रेक्षक नाही. १९६० च्या सप्टेंबरपासून काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या कार्याची धुरा राजेश्वर दयाळ यांच्याकडे होती. पुढे भारतीय सैनिक तेथे लढले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे प्राण वेचले. आज त्या भूमीतील कोबाल्ट आपल्या खिशातील यंत्रात आहे. लुमुंबांना आदरांजली वाहणे सोपे आहे. त्या धातूचा न्याय्य मोबदला मागणाऱ्यांच्या बाजूने उभे राहणे, हीच खरी आदरांजली होय.