अंदमानातून आलेली खुशाली

आमच्या झाशीच्या सिव्हिल लाइन्सपासून समुद्र फार लांब. तरी आज गोष्ट बेटांची.

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून, निव्वळ हौसेने, स्वतःच्या यंत्रावरून जगाशी बोलणे. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली वळतात, म्हणून मधे तार किंवा टॉवर नसला तरी आवाज हजारो किलोमीटर जातो. दुर्गम बेटावरून कोणी बोलू लागले, की जगभरचे हॅम त्याला गाठायला धडपडतात. अंदमान तर १९८७ नंतर गप्पच होते.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक चमू पोर्ट ब्लेअरला पोचला. तीन आठवड्यांत हजारो संपर्क वहीत नोंदले गेले. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली. फोन बंद पडले. मग त्याच यंत्रांवरून निरोप जाऊ लागले : अमुक माणूस सुखरूप आहे, घरी कळवा. चमूतले काही जण कार निकोबारलाही गेले.

अशा मोहिमेचे यश संपर्कांच्या आकड्यावर मोजतात. या मोहिमेचे यश विचारायचे, तर ज्यांच्या घरी खुशाली पोचली त्यांना विचारावे.

तुमच्या घरात बारा वर्षांचे मूल आहे? भारतात त्या वयापासून हॅमची परीक्षा देता येते. मोबाइल असताना हे कशाला, असे ते विचारील. त्याला ही गोष्ट सांगा.