मोठा कूलर, बंद खिडकी

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते, "डॉक्टर, मोठा कूलर घेतला, तरी आजीचा जीव घाबरा होतो." चौकशी केली की कळते, गारवा जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद! कूलर म्हणजे एसी नव्हे. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. तीच दमट हवा खोलीत कोंडली तर घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. वृद्धांना त्यातून उष्माघाताचा धोका. कूलर खिडकीत बसवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, वाळवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नवा कूलर घेण्याआधी जुनी खिडकी उघडा, असे माझे स्पष्ट मत आहे.