पाय आपले हवेत

खेळण्यांच्या संग्राहकांत न उघडलेल्या खोक्याला मोठा भाव असतो. मला हे पटत नाही. १९८५ सालचा 'डेव्हास्टेटर' घ्या. बांधकामावरची सहा वाहने. प्रत्येकाचा एक यंत्रमानव होतो आणि सहाही जोडले की एक महाकाय. त्याचा कस हाताळल्याशिवाय कळणार कसा? सांधे घट्ट हवेत, जोडलेला देह डगमगू नये, हे खरेच. पण माझी कसोटी पुढची आहे. सुटा केल्यावर प्रत्येक जण स्वतःच्या पायांवर उभा राहतो का? जो केवळ महाकायाचा पाय म्हणूनच कामाचा, त्याची घडण कच्ची.

१९६० साली मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. आपण नांदेड-लातूरकरांनी त्या जोडणीलाही हीच कसोटी लावावी. एकजूट हवीच, पण पाय आपले हवेत.