अवधाण आणि हत्तीपाय

पायात काटा मोडला, जखम चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत गाठ येते. मराठीत तिला नाव आहे, अवधाण. काटा तळव्यात आणि गाठ जांघेत, हे नातं आपल्या आज्या-पणज्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखलं होतं. तळव्यापासून जांघेपर्यंत नेमकं काय चढत गेलं, ते मात्र कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. पडणार कसं? रक्त लाल, म्हणून चटकन दिसतं. लसीका, म्हणजे ऊतींतून रक्ताकडे परतणारा द्रव, जवळपास पाण्यासारखी, आणि तिच्या वाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ की कापलेल्या अंगातही त्या हरवून जातात.

त्या दिसल्या त्यासुद्धा योगायोगाने. २३ जुलै १६२२ रोजी उत्तर इटलीत गास्पारे असेल्ली हा शल्यविशारद मित्रांना जिवंत कुत्र्याचे मज्जातंतू दाखवत होता. मग श्वासपटल पाहावं म्हणून त्याने आतडी खाली ओढली, तर त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं. आधी त्याला तेही मज्जातंतूच वाटले. एक दोरा टोचला, आणि दुधासारखा द्रव बाहेर आला. नंतर दुसरा कुत्रा चिरला, तर काहीच नाही. असेल्लीची खरी हुशारी पुढे दिसते. पहिला कुत्रा नुकताच जेवलेला होता, दुसरा उपाशी, हे त्याच्या ध्यानात आलं. आतड्यांतली चरबी उचलल्यावरच या वाहिन्या पांढऱ्या होतात. पोट रिकामं असेल तर त्या असून नसल्यासारख्या. त्याचं पुस्तक १६२७ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालं, आणि त्यात रंगीत चित्रं होती. शरीररचनेच्या छापील पुस्तकात रंग येण्याची ती सुरुवात मानली जाते.

विशेष म्हणजे रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेलाही या वाहिन्यांचं महत्त्व पटलं नाही. हा रस यकृतात जात नाही, छातीतल्या एका नळीने वर चढून मानेपाशी रक्तात मिसळतो, हे १६५१ मध्ये जाँ पेके याने दाखवलं. मग स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांच्यात शरीरभरच्या लसीकावाहिन्या आधी कुणी पाहिल्या यावरून जुंपली. ते भांडण इथे सोडून देऊ. बार्थोलिनने मात्र रक्त तयार करण्याचा मान गमावलेल्या यकृतासाठी चक्क मृत्युलेख लिहिला होता, एवढं सांगण्याचा मोह आवरत नाही.

आपल्याकडे लसीकेची ओळख झाली ती गाठींच्या रूपाने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत ‘गाठीचा ताप’ आला. प्लेगची ती गाठ म्हणजे जंतूंशी झुंजताना सुजलेली लसीकाग्रंथीच. मग रेल्वे स्टेशनांवर आणि घराघरांत लोकांच्या काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, बायकांच्याही. पुण्यात त्या संतापाचं टोक २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत दिसलं. एका ग्रंथीने पुण्याचं राजकारण पेटवलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण फार नाही.

लसीकावाहिन्यांचाच आजार असलेला हत्तीरोग आपल्याकडे या साथीहून कितीतरी जुना. सुश्रुताने त्याला श्लीपद म्हटलं, आणि जिथे जुनं पाणी साचून राहतं त्या मुलखात तो होतो, हेही नोंदवलं. पाण्यातून डासापर्यंत पोचायला १८७७ उजाडावं लागलं. त्याआधी १८७२ मध्ये टिमथी लुईस याने कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म कृमी पाहिले होते. चीनमधल्या अमॉयला पॅट्रिक मॅन्सनने ते डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. हे कृमी रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून विदर्भात आजही आरोग्य कर्मचारी लोक निजायच्या वेळी बोटाचं रक्त घ्यायला दारात उभे राहतात.

१९५५ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, २००४ पासून गावंच्या गावं वर्षाकाठी गोळ्या घेऊ लागली. निर्मूलनाचं साल आधी २०१५ ठरलं होतं, आता २०२७ सांगितलं जातं. रक्तात कृमी सापडणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याखाली आलं की पुढच्या तपासण्या होतात आणि गोळ्या थांबवायचा विचार सुरू होतो. कार्यक्रम चांगलाच आहे, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण मोजमाप चाललंय ते रक्ताचं. पुन्हा तीच लाल रंगाची सवय. प्रौढ कृमी राहतो लसीकावाहिनीत, वर्षानुवर्षं. तो तिला ताणून सैल करतो, आणि एकदा सैल झालेली वाहिनी गोळ्यांनी सहसा पूर्ववत होत नाही. म्हणजे जिल्हा ‘मुक्त’ जाहीर होईल त्या दिवशीही हत्तीपाय तेवढाच जड असेल, आणि तो माणूस त्या टक्केवारीत नसेल.

हीच सूज कृमीशिवायही येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्या की कित्येक बायकांचा हात सुजतो. ही शस्त्रक्रिया रूढ करणाऱ्या हॅलस्टेडने १९२१ साली या सुजेला हत्तीरोगाचंच नाव दिलं, ‘शस्त्रक्रियेचा हत्तीरोग’ अशा अर्थाचं. चूक आपल्या सुरीतून झाली, हे मान्य करणारा एवढा उघड शब्द वैद्यकात क्वचितच सापडतो. लसीकेकडे न बघण्याची सवय तर अगदी अलीकडेपर्यंत टिकली. मेंदूला लसीकावाहिन्या नसतात, असं पाठ्यपुस्तकं २०१५ पर्यंत सांगत होती. मेंदूच्या वेष्टनात त्या असल्याचं पाओलो मास्कान्यी अठराव्या शतकातच म्हणाला होता. पारा भरून त्याने त्या वाहिन्या शोधल्या होत्या. कुणी मनावर घेतलं नाही.

हत्तीपायाला खरा उतार पडतो तो अगदी साध्या कामाने. सुजलेल्या पायाच्या बोटांमधल्या भेगांतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज थोडी आणखी बसते. म्हणून रोज साबण लावून पाय धुवायचा, बोटांची प्रत्येक बेचकी मऊ फडक्याने कोरडी करायची, भेगेला मलम लावायचं, बसताना पाय उशीवर ठेवायचा. आरोग्य खातं यासाठी टब, मग, साबण, टॉवेल असा संच देतं. पण मांडीपर्यंत सुजलेला पाय असलेल्या माणसाला स्वतःच्या बोटांपर्यंत वाकता येत नाही. त्या बेचक्या पुसायला घरातल्या दुसऱ्या कुणालातरी रोज दहा मिनिटं खाली बसावं लागतं.