प्लेटची निगा आणि घरची काळजी

बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या प्रेसवाल्या घरांसाठी हे लिहीत आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, गाव कुठलंही घ्या. पुढे दुकान, मधे मिनी ऑफसेट, मागे स्वयंपाकघर, अशी कितीतरी घरं आहेत. लग्नसराई आली की घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागतं. कोणी पत्रिकांच्या घड्या घालतं, कोणी पाकिटं मोजतं, कोणी प्लेट धुतं.

यातलं प्लेट धुण्याचं काम रसायनाचं आहे. म्हणून मालक, मशीनमन आणि घरची मंडळी, सगळ्यांनी मिळून हे वाचा.

सांगायचं आहे ते एवढंच. प्लेटला जी शिस्त लागते, तीच तुमच्या हातांना, डोळ्यांना आणि विहिरीला लागते. रसायन मापात घ्या, झाकून ठेवा, आणि पुसायचं ते वेळेवर पुसा. हे पाळलं तर प्लेटही टिकते आणि माणूसही.

प्लेटचं गणित साधं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. याच्याच जोरावर 1796 च्या सुमारास बव्हेरियातल्या आलॉयस झेनेफेल्डर यांनी दगडावरून छपाई करून दाखवली. दगडावर तेलकट खडूने काढायचं, बाकीची जागा डिंकाच्या पाण्याने ओली राखायची. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत प्रेस काढला, तोही अशाच दगडांवर चाले. घरोघरच्या भिंतींवर लक्ष्मी आणि सरस्वती आल्या त्या तिथूनच.

आता दगडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आला. नियम तोच राहिला. अक्षरांनी शाई धरायची, कोऱ्या जागेने पाणी धरायचं. कोऱ्या जागेने पाणी सोडलं की पत्रिका काळपट निघते आणि गिऱ्हाईक कागदाचे पैसे कापून घेतं.

म्हणून आधी पाण्याकडे बघा.

घाटाखालच्या लोकांना खारं पाणी सांगायला नको. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या पूर्णाकाठच्या भागात खारपाण पट्टा आहे. बोअरचं ते पाणी मशीनच्या फाउंटनमध्ये, म्हणजे प्लेटला पाणी पुरवणाऱ्या भागात, घालू नका. फाउंटनच्या पाण्याला थोडा आंबटपणा लागतो. पाण्यातले क्षार तो मारून टाकतात. मग रोलरवर आणि ब्लँकेटवर पांढरट थर बसतो, शाई नीट चढत नाही, आणि तुम्ही शाईवाल्याला दोष देता.

तुरटी फिरवली तर गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत. उकळूनही सगळे जात नाहीत. फाउंटनसाठी आरओच्या पाण्याचा जार वेगळा ठेवा. एक वाया गेलेला रीम त्या जारपेक्षा महाग पडतो.

फाउंटनचं द्रावण मापाच्या भांड्याने घाला. डब्यावर जे प्रमाण दिलं असेल तेच धरा. बहुतेक ठिकाणी ते लिटरला 20 ते 30 मिलीच्या आसपास असतं. जास्त घातलं म्हणून प्लेट जास्त स्वच्छ राहत नाही. उलट अक्षरं झिजतात आणि शाई वाळायला वेळ लागतो. पाण्याचा आंबटपणा, म्हणजे पीएच, तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, त्यांचं एक पाकीट आणून ठेवा. पट्टी साधारण 4.5 ते 5.5 दाखवत असेल तर ठीक. पाण्यात शाईचा रंग उतरला की ते बदला. त्यात नवं पाणी ओतून दिवस ढकलू नका.

आता डेव्हलपर.

हे कोऱ्या जागेवरचा लेप धुऊन काढणारं, सगळ्यात जपून हाताळायचं रसायन. आपल्या लोणारच्या सरोवराचं पाणी क्षारीय म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. त्याचा पीएच 10 च्या आसपास असतो. पीएस प्लेटचा, म्हणजे आधीच लेप देऊन आलेल्या प्लेटचा, डेव्हलपर बहुतेक वेळा 12 ते 13 चा असतो. या मोजपट्टीवर एक अंक वाढला की तीव्रता दहापट होते. यावरून ट्रेमध्ये काय आहे ते ओळखा.

डेव्हलपर हाताला लागला तर बुळबुळीत वाटतो. तो साबणाचा गुळगुळीतपणा नव्हे. तुमच्या कातडीवरचं तेल आणि वरचा थर विरघळू लागलेला असतो. आग नंतर होते, इजा आधी झालेली असते.

म्हणून काम सुरू करण्याआधी हे करा. हातात नायट्राइल रबरी मोजे घाला. भांडी घासायचे मोजे इथे आणू नका आणि इथले तिकडे नेऊ नका. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा लावा. ट्रे प्लास्टिकचा घ्या. घरातलं जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कधीही घेऊ नका. डेव्हलपर ते पातेलं खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. द्रावण करताना आधी पाणी घ्या, मग त्यात रसायन हळूहळू सोडा.

प्लेट जास्त वेळ बुडवून ठेवली तर बारीक अक्षरं जातात. पत्रिकेतली काना-मात्रा आणि अनुस्वार आधी उडतात. कमी वेळ ठेवली तर कोऱ्या जागेवर लेप राहतो आणि तो शाई पकडतो. वैशाखात आपल्याकडे खोलीच तापलेली असते. गरम डेव्हलपर जोरात काम करतो, म्हणून हे काम सकाळी उरका. ट्रे उघडा राहिला तर डेव्हलपर हवेनेच मरतो. काम झालं की लगेच झाका. थकलेल्या डेव्हलपरमध्ये जोरजोरात घासून प्लेट निघत नाही, फक्त खराब होते.

पुष्कळांच्या प्लेटा आता शहरातून सीटीपीवर, म्हणजे थेट संगणकावरून, तयार होऊन एसटीच्या पार्सलने येतात. तुम्हाला डेव्हलपर लागत नसेल. गम आणि फाउंटन मात्र तुमच्याच हातात आहे, तेव्हा पुढचं वाचाच.

प्लेट धुतली की गम लावायचा. गम म्हणजे डिंकच. तो कोऱ्या जागेवर पातळ पडदा धरतो आणि तिला हवेपासून, बोटांच्या तेलापासून वाचवतो.

गम लावायची रीत नीट बघून घ्या. स्वच्छ स्पंज गममध्ये बुडवा आणि पिळून घ्या. प्लेटवर आडवा फिरवा, मग उभा फिरवा. नंतर मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसत जा, प्लेट कोरडी होईपर्यंत. उजेडात तिरकी धरून बघा. कुठेही ओघळ किंवा चिकट रेघ दिसता कामा नये. गमचा जाड थर राहिला तर तो अक्षरांवरच सुकतो आणि ती अक्षरं शाई घेत नाहीत. गमचा स्पंज फक्त गमचा. शाईचा स्पंज त्यात बुडवू नका.

घरी डिंक भिजवून, कापडातून गाळून गम करणारेही आहेत. तो उन्हाळ्यात लवकर आंबतो. वास बदलला की फेकून द्या. आंबलेल्या गममुळे प्लेटवर डाग पडतात.

सगळ्यात जास्त प्लेटा चहाच्या वेळी खराब होतात. मशीन थांबतं, माणसं समोरच्या टपरीवर जातात, प्लेट पंख्याखाली सुकते. परत येऊन मशीन चालू केलं की पत्रिकेवरच्या गणपतीच्या भोवती राखाडी छटा उतरते. मग पन्नास कागद वाया जातात आणि जो तो दुसऱ्यावर ओरडतो. म्हणून थोडा वेळ थांबायचं असलं तरी स्पंजाने गम फिरवून जा. परत आल्यावर ओल्या स्पंजाने गम धुऊन घ्या आणि मग शाई द्या.

पुन्हा लागणाऱ्या प्लेटा, म्हणजे बिलबुकाच्या, पावती पुस्तकाच्या, नीट ठेवा. आधी शाई पुसा, मग गम लावा. मधे कागद घालून कोरड्या जागी, उन्हाआड ठेवा. एकमेकींवर घासू देऊ नका. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका. दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमवर बारीक ठिपके उठतात आणि ते ठिपके छापले जातात.

आता घराकडे या.

रसायन कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. हे मी हात जोडून सांगतो. डेव्हलपर दिसायला पाण्यासारखा असतो. उन्हातून खेळून आलेलं पोर बाटली बघतं आणि तोंडाला लावतं. मूळ डबा, मूळ झाकण, मूळ लेबल, आणि कुलूप. लेबल निघालं असेल तर आजच मोठ्या अक्षरात नाव लिहून चिकटवा.

कोणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. खाली उतरताना जाळलेलं रसायन वर येताना पुन्हा जाळतं. लिंबू, ताक, व्हिनेगर काही पाजू नका. तोंड पाण्याने धुवा, 108 ला फोन करा, आणि रसायनाचा डबा सोबत दवाखान्यात न्या.

डोळ्यात उडालं तर डॉक्टरकडे धावण्याआधी डोळा धुवा. पापणी उघडी धरून वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटं. तेवढा वेळ फार वाटतो, तरी थांबू नका. मग दवाखान्यात जा. त्यासाठी प्लेट धुण्याच्या जागेजवळ नळ हवा. नसेल तर पाण्याने भरलेली झाकणाची बादली आणि तांब्या कायम ठेवा.

प्लेटवरची नको असलेली रेघ काढायला करेक्शनचं जेल वापरतात. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते लागल्यावर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत खोल जातं. लेबल वाचा. लागलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा.

जुन्या प्रेसच्या माळ्यावर नारिंगी रंगाच्या बायक्रोमेटची बरणी असू शकते. पूर्वी प्लेट करताना ते लागे. त्याने कातडीला जखमा होतात आणि त्यातून कर्करोगही होऊ शकतो. ती बरणी उघडू नका, वास घेऊ नका, कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट असल्याची खात्री करा, वर नाव लिहा आणि वेगळी ठेवा.

शाईच्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात लावू नका. काही शायांत जवसासारखी वाळणारी तेलं असतात. अशा तेलकट चिंध्या दाबून पडल्या की आतल्या आत तापतात आणि कधी काडी न लावताच पेटतात. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि तो रोज रिकामा करा.

वापरलेला डेव्हलपर नालीत, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आपल्या भागात गोड पाण्यासाठी लोक किती वणवण करतात ते तुम्हीच बघता. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, वर 'वापरलेला डेव्हलपर' असं लिहा. अशा कचऱ्यासाठी देशभर घातक कचऱ्याचे नियम आहेत. रसायन देणाऱ्या विक्रेत्याला विचारा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. चारपाच प्रेसवाल्यांनी मिळून कॅन एकत्र पाठवले तर खर्चही वाटला जातो.

जुन्या प्लेटा भंगारात चांगल्या भावाने जातात. शाई पुसून, कोपरे वाकवून, बांधून ठेवा. त्यांची धार हात कापते. कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा खिडकीला त्या लावल्या तर चालेल. त्यांवर पापड, सांडगे, कुरडया मात्र वाळत घालू नका. वरून चकचकीत दिसल्या तरी त्या पत्र्यांवर शाई आणि रसायन बसलेलं असतं.

शेवटी मालकांना एक सांगणं. सुटीत मदतीला येणाऱ्या पोरांकडून प्लेट धुऊन घेऊ नका. नवा कामगार आला तर पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून त्याला दाखवा. मोज्यांचे पैसे त्याच्या पगारातून कापू नका. त्याचे हात शाबूत राहिले तरच तुमचं मशीन चालतं.

छापणं तर तुमचंच काम आहे. म्हणून यातले तुमच्या प्रेसला लागू पडणारे नियम निवडा आणि मोठ्या टाइपात एका कागदावर छापा. एक प्रत प्लेट धुण्याच्या जागेवर लावा, एक घरात लावा. चार प्रती जास्त काढा आणि शेजारच्या प्रेसवाल्यांना नेऊन द्या.